दिसणारें कोष्टक व त्यामागील नियम



इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि राज्यारोहणें हींच डोळ्यांपुढें यावयाचीं, ही संवय आम्हां मास्तरमंडळींनींच पिढ्यान्‌पिढ्या लावून ठेविली आहे. आज ज्या वस्तूचा इतिहास मी सांगणार आहें तिच्यांत ह्यांपैकीं कांहींच नाहीं. ती वस्तु म्हणजे एक आज्ञा आहे. आणि तीहि कांहीं करावयास सांगणारी नसून केवळ विचारणारी आहे. "हें जें तूं मला दाखवीत आहेस, तें कोणत्या नियमांनीं दाखवीत आहेस?" एवढाच तिचा अर्थ. असें विचारण्याची गरज माणसाला कां पडली, आणि विचारण्याची नीट सोय होण्यास इतका काळ कां लागला, हें पाहण्यासारखें आहे.

संगणकांत माहितीचा मोठा सांठा ज्या व्यवस्थेनें ठेवितात तिला डेटाबेस म्हणतात, हें आतां बहुतेकांस ठाऊक झालें आहे. बँकेंतील खातीं, आगगाडीचीं आरक्षणें, परीक्षेचे गुण, रुग्णालयांतील नोंदी, सारें त्यांत कोष्टकांच्या रूपानें असतें. ह्या सांठ्याशीं बोलण्याचे मार्ग अनेक आहेत. पैकीं फार जुना आणि जाणकार मंडळींस अद्यापि प्रिय असलेला मार्ग म्हणजे शब्द टंकून प्रश्न करावयाचा आणि त्याखालींच अक्षरांत उत्तर वाचावयाचें. ह्यांत दोन पक्ष असतात. एक सर्व्हर, म्हणजे सांठा सांभाळणारा. दुसरा क्लायंट, म्हणजे आपला प्रश्न आंत पोंचविणारा आणि आलेलें उत्तर आपल्यापुढें मांडणारा कार्यक्रम. सर्व्हर कोठारांत बसलेला असतो. त्याचें तोंड आपल्याला कधीं दिसत नाहीं. आपली गांठ पडते ती नेहमीं ह्या दुसऱ्याशीं.

आतां मौज अशी कीं, कोठारांतल्या कोष्टकाला रेघा नसतात. रकान्याची पडद्यावरची रुंदी, मथळ्याखालची आडवी रेघ, पानाचा शेवट, 'एकूण इतक्या ओळी मिळाल्या' हा शेरा, ह्यांतलें कांहींच तेथें नसतें. तेथून येतात त्या नुसत्या किंमती आणि त्यांच्या रकान्यांचीं नांवें व प्रकार. रेघा आंखणें, मथळे देणें, लांब मजकूर मोडून खालच्या ओळींत नेणें, जेथें किंमतच नाहीं तेथें कांहीं तरी दाखविणें किंवा न दाखविणें, हें सर्व क्लायंट आपल्या मतानें करतो. आणि तें मत म्हणजे त्याच्यापाशीं असलेली नियमांची एक यादी. ती यादी बदलली कीं तेंच कोष्टक निराळें दिसूं लागतें, आणि कोठारांत मात्र एका अक्षराचाहि फरक पडलेला नसतो. पाहणारा मनुष्य ह्या यादीविषयीं अजाण असला तर दिसतें तेंच आहे असें समजून चालतो; आणि कित्येकदां त्या समजुतीवर दुसऱ्याच्या पैशाचा किंवा पेन्शनचा निर्णय करून मोकळा होतो.

ह्या कथेचा आरंभ १९७० सालीं होतो. एडगर कॉड नांवाचे एक इंग्रज गणितज्ञ अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथें, आयबीएम कंपनीच्या संशोधनशाळेंत काम करीत होते. त्या वर्षीं जून महिन्यांत त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. तोंवर माहिती मागणाऱ्याला ती यंत्रांत कोठें, कोणत्या क्रमानें आणि कोणत्या वाटेनें ठेविली आहे हें ठाऊक असावें लागे. वाट बदलली कीं सारे कार्यक्रम पुन्हां लिहावे लागत. कॉड ह्यांचें म्हणणें असें कीं, मागणाऱ्याला हें कांहींएक ठाऊक असण्याची गरज पडूं नये. त्यानें फक्त कोष्टकें जाणावीं. आंतली रचना ही आंतल्यांची जबाबदारी. ह्या विचारांतूनच १९७४ सालीं चेंबरलिन आणि बॉइस ह्या दोघांनीं त्याच कंपनींत प्रश्न विचारण्याची एक भाषा मांडली. तिलाच पुढें एसक्यूएल हें नांव पडलें, आणि आज जगभर तीच चालते.

कॉड ह्यांच्या विचारानें मनुष्य आंतल्या रचनेच्या जाचांतून सुटला, हें खरेंच आहे. परंतु त्या सुटकेबरोबर एक नवें परावलंबन आलें, आणि त्याची चर्चा मात्र फारशी कोणी केली नाहीं. आंतलें पाहण्याची गरज उरली नाहीं, तेव्हां बाहेर जें मांडून दिलें जाईल त्यावरच विश्वास टाकणें प्राप्त झालें.

तें मांडून देणारें साधन प्रारंभीं फारच खडबडीत होतें. आज आपण पडदा म्हणतों, तेव्हां बहुतेक ठिकाणीं कागद होता. १९६३ सालीं निघालेला टेलिटाइप कंपनीचा ३३ क्रमांकाचा टंकयंत्रवजा टेलिप्रिंटर अनेक संगणकांना जोडलेला असे. तो सेकंदाला १० अक्षरें छापी, आणि त्याच्या एका ओळींत ७२ अक्षरें मावत. मोठे छपाईयंत्र १३२ अक्षरांची ओळ छापीत. आयबीएमचें १९५९ सालचें १४०३ हें यंत्र ह्याच मापाचें. पडदे आले त्यांनीं ८० अक्षरांची ओळ पतकरली. हा ८० चा आंकडा कोठून आला, हें पाहूं गेल्यास आपण थेट खानेसुमारीपर्यंत जाऊन पोंचतों. अमेरिकेंतील १८९० ची शिरगणती हर्मन हॉलेरिथ ह्यांच्या भोंकें पाडलेल्या पत्त्यांवर मोजली गेली. त्या पत्त्यांचा वारसा पुढें आयबीएमकडे आला, आणि १९२८ सालीं त्या कंपनीनें आपल्या पत्त्यावर ८० उभे रकाने बसविले. एका पत्त्याचा मजकूर एका ओळींत दिसावा म्हणून पडदाहि तितकाच रुंद झाला. १९७८ सालीं डिजिटल कंपनीनें काढलेला व्हीटी १०० हा पडदा ८० अक्षरांच्या २४ ओळींचा होता, आणि गरज पडल्यास तो १३२ अक्षरांची ओळहि दाखवी. म्हणजे पत्ता आणि छपाईयंत्र हे दोन्ही पूर्वज एकाच पेटींत नांदत होते.

अशा अरुंद जागेंत कोष्टक बसवावयाचें म्हणजे नियम हवेतच. ओळ किती रुंद धरावी? मथळा किती ओळींनंतर पुन्हां छापावा? कागदाच्या काळीं हे प्रश्न चैनीचे नव्हते. चुकीच्या रुंदीनें छापलेला अहवाल म्हणजे वाया गेलेला कागद आणि वाया गेलेला तास.

एसक्यूएल भाषेवर चालणारा पहिला बाजारी डेटाबेस म्हणून ज्याची गणना होते तो ओरॅकल १९७९ सालीं विक्रीस आला. त्याच्या क्लायंटचें मूळचें नांव 'यूएफआय' असें होतें. ह्या तीन अक्षरांत 'वापरणाऱ्याशीं मैत्रीनें वागणारें' असा अर्थ भरलेला होता. मैत्री कितपत होती हा प्रश्न आपण सोडून देऊं. ओरॅकलच्या पांचव्या आवृत्तीपासून, म्हणजे १९८५ च्या सुमारास, त्याचें नांव एसक्यूएल प्लस असें झालें, आणि ह्याच नांवानें तो पुढें पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांखालून गेला. हा नुसता प्रश्नोत्तराचा कार्यक्रम नव्हता. कागदावरचे अहवाल तयार करण्याचें तें एक साधन होतें. म्हणून त्यांत नियमांची रेलचेल झाली. 'सेट' शब्दानें नियम ठरवावयाचा, 'शो' शब्दानें तो विचारावयाचा, आणि 'शो ऑल' म्हटलें कीं सारी यादी वर्णानुक्रमानें पडद्यावरून सरकत जावयाची. ओळीची रुंदी ८०, पानाच्या ओळी १४, संख्येची रुंदी १०, असे मूळचे आंकडे त्या यादींत दिसतात.

त्या यादींतला एक नियम मला मोठा मासलेवाईक वाटतो. उत्तरांत किती ओळी आल्या हें कार्यक्रमानें सांगावें कीं नाहीं, ह्याविषयींचा तो नियम. मूळ स्थितींत हा कार्यक्रम ६ किंवा अधिक ओळी आल्या तरच संख्या सांगतो. तीन ओळी आल्या तर तो गप्प बसतो; तीन तर कोणीहि मोजील, असा त्यामागचा हिशेब दिसतो. हा हिशेब ज्याला ठाऊक नाहीं तो मनुष्य शेरा आला नाहीं म्हणून उत्तर अर्धवट तुटलें असावें असें समजतो, आणि 'शो' म्हणून विचारल्याखेरीज त्याचा भ्रम दूर होत नाहीं.

परंतु हें निरुपद्रवी झालें. संख्येच्या रुंदीचें उदाहरण घेऊं. बारा आंकडी खाते-क्रमांक कोणी संख्या म्हणून नोंदवून ठेविला आहे असें समजा; एकाचा क्रमांक १२३४५६७८९०१२ आणि दुसऱ्याचा १२३४५९९९९९९९. दाखविण्याची रुंदी १० अक्षरांची; त्यांत बारा आंकडे मावत नाहींत. मग एसक्यूएल प्लस काय करतो? तो संख्या संक्षिप्त शास्त्रीय पद्धतीनें लिहितो: १.२३४६ गुणिले दहाचा अकरावा घात. दोन्ही खातीं त्या रूपांत तंतोतंत सारखीं दिसतात! कोठारांत दोन माणसें आहेत, पडद्यावर एकच दिसतो. सर्व्हरनें खोटें सांगितलेलें नाहीं, आणि क्लायंटनेंहि स्वतःच्या नियमाबाहेर पाऊल टाकलेलें नाहीं. रुंदी वाढवितांच दोघे वेगळे होतात. परंतु रुंदी वाढविण्याचें सुचण्यास आधीं ती आज किती आहे हें विचारावेंसें वाटलें पाहिजे. मथळ्यांचेंहि असेंच होतें. एका अक्षराच्या रकान्याचें नांव कितीहि लांब असलें तरी मूळ नियमानें त्याचें पहिलें अक्षरच वर दिसतें, आणि वाचणारा त्या अक्षरावरून तर्क करीत बसतो.

इतिहासाच्या शिक्षकाला ह्याहूनहि बोंचणारें उदाहरण तारखेचें आहे. ओरॅकलच्या मूळच्या अमेरिकन मांडणींत तारीख दिवस, महिन्याचीं तीन अक्षरें आणि वर्षाचे शेवटचे दोन आंकडे अशी दिसते. आपल्या स्वातंत्र्याचा दिवस त्या पद्धतीनें '१५-ऑग-४७' असा दिसेल. आतां हाच दिवस कोणी ह्याच पद्धतीनें टंकून नोंदविला, तर डेटाबेस ४७ चें शतक कसें ठरवितो? त्याचा नियम असा आहे कीं, चालू शतकाच्या पहिल्या अर्ध्यांत असतांना ०० ते ४९ हे आंकडे चालूच शतकाचे समजावयाचे. म्हणजे आज नोंद होईल ती २०४७ ची. आणि पडद्यावर परत पाहिलें तर '१५-ऑग-४७' असेंच निमूटपणें दिसेल. शंभर वर्षांची चूक, आणि तिची खूण कोठेंहि नाहीं. जन्मतारखांच्या नोंदींत असें झालें म्हणजे वृद्ध मनुष्य अद्यापि जन्मलाच नाहीं असें ठरतें. वर्षाचे चारहि आंकडे दाखीव, असें सांगितल्यावरच ही लबाडी उघडी पडते. येथें एक लक्षांत ठेवावें: तारखेची ही मांडणी एसक्यूएल प्लसच्या 'शो ऑल' यादींत सांपडत नाहीं; ती संभाषणाच्या चालू सत्राचे गुण सांगणाऱ्या वेगळ्या कोष्टकांत पाहावी लागते.

आतां कोऱ्या घराकडे वळूं, कारण माझ्या मतें सर्वांत जास्त अनर्थ तेथेंच दडलेला आहे. शाळेचा हजेरीपट ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें चटकन्‌ समजेल. पटावर एखाद्या मुलापुढचें घर कोरें राहिलें, तर त्याचा अर्थ काय? मूल गैरहजर होतें, कीं मास्तरच खूण करावयास विसरले, कीं त्या दिवशीं त्याचें नांवच पटावर नव्हतें? कागद तिन्ही प्रसंगीं सारखाच कोरा. डेटाबेसांत 'किंमत ठाऊक नाहीं किंवा नाहींच' ह्या स्थितीला 'नल' असें म्हणतात. आपल्या दमयंतीच्या नलाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. ही स्थिति आणि शून्य अक्षरांचा रिकामा मजकूर ह्या एसक्यूएल भाषेंत दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली म्हणजे 'उत्तर आलें नाहीं', दुसरी म्हणजे 'उत्तर आलें आणि तें रिकामें आहे'. ओरॅकलनें मात्र रिकाम्या मजकुरालाहि नलच मानून हा भेद मिटविला. तो शहाणपणा होता कीं आडमुठेपणा, ह्यावर जाणकारांचे वाद चालतात. इतरत्र हा भेद जिवंत आहे.

आणि पडद्यावर? पोस्टग्रेसच्या क्लायंटमध्यें मूळ नियमानें नलाच्या जागीं कांहींच उमटत नाहीं. रिकाम्या मजकुराच्या जागींहि अर्थातच कांहीं उमटत नाहीं. समजा, एका गांवाच्या यादींत पत्त्याच्या रकान्यांत ११ घरें कोरीं दिसत आहेत. कारकून म्हणतो, "ज्यांचा पत्ता रिकामा आहे त्या ओळी दे." उत्तर येतें ४ ओळींचें. उरलेलीं ७ कुटुंबें गेलीं कोठें? तीं कोठेंहि गेलेलीं नाहींत. त्यांच्या घरांत रिकामा मजकूर नसून नल आहे, आणि नलाची कशाशींहि बरोबरी केली तरी ती खरी ठरत नाहीं, असा त्या भाषेचा नियम आहे. कारकुनानें त्या चौघांना पत्र धाडलें आणि काम संपलें असें समजला, तर सात कुटुंबें सूचनेवांचून राहिलीं. मायएसक्यूएल ह्या १९९५ सालच्या डेटाबेसचा क्लायंट अशा जागीं 'नल' हा शब्दच छापतो, तें बरें. पण कोणी त्या रकान्यांत खरोखरच तीं चार इंग्रजी अक्षरें टंकून ठेविलीं असतील तर तीं आणि हें पुन्हां एकरूप! पीएसक्यूएलमध्यें उपाय हातांत आहे: नलाच्या जागीं हवी ती खूण दाखवावी असें त्यास सांगतां येतें. मात्र खूण ठरविलेली आहे कीं नाहीं, आणि असल्यास कोणती, हें जाणल्यावांचून कोऱ्या घराचा अर्थ लावूं नये.

हा पीएसक्यूएल कोणाचा कोण, तेंहि थोडक्यांत सांगतों. कॅलिफोर्नियांतल्याच बर्कली येथील विद्यापीठांत मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग ह्या प्राध्यापकांनीं १९७३ च्या सुमारास कॉड ह्यांच्या विचारावर इन्ग्रेस नांवाचा डेटाबेस रचावयास घेतला. पुढें १९८६ सालीं स्टोनब्रेकर ह्यांनीं नवी रचना आरंभिली. इन्ग्रेसच्या नंतरचा म्हणून तो पोस्टग्रेस. १९९४ सालीं अँड्र्यू यू आणि जॉली चेन ह्या तेथील दोघां विद्यार्थ्यांनीं त्यास एसक्यूएल शिकविली, आणि जुन्या संवाद-कार्यक्रमाच्या जागीं पीएसक्यूएल हा नवा क्लायंट आणला. १९९६ सालीं सर्वांचें नांव पोस्टग्रेसक्यूएल असें झालें. तेव्हांपासून हें काम कोणा एका कंपनीच्या मालकीचें नसून जगांतील अनेक माणसें मिळून चालवितात, आणि तें कोणासहि मोफत मिळतें.

२००० सालच्या मे महिन्यांत ह्या डेटाबेसची सातवी आवृत्ति निघाली, तींत पीएसक्यूएल नव्यानें लिहून काढलेला होता. त्या वेळीं मांडणीचे सगळे नियम 'पीसेट' ह्या एका आज्ञेखालीं आणले गेले. उलटी तिरपी रेघ, मग 'पीसेट', मग नियमाचें नांव, आणि मग हवी ती किंमत, असें लिहावयाचें. कांठ किती जाड, रकाने सरळ रांगेंत कीं चिन्हानें तोडलेले, मथळे हवे कीं नकोत, लांब उत्तर पानापानांनीं दाखवावें कीं एकदम, सारें येथें ठरे. नियम बदलला कीं कार्यक्रम एक ओळ लिहून तसें कळवी. व्यवस्था मोठी नेटकी. पण तींत एक खोंच राहिली होती.

कांहीं नियमांचें नांव किंमतीवांचून लिहिलें, तर चालू किंमत कळे. कांठाचें तसें होतें. परंतु ज्या नियमांना दोनच स्थिति, चालू आणि बंद, त्यांचें नांव किंमतीवांचून लिहिलें कीं कार्यक्रम तें विचारणें न समजतां उलटविण्याची आज्ञा समजे! मथळे आणि शेरे दडपून नुसत्या ओळी दाखविण्याचा एक नियम आहे. तो चालू आहे काय, असें नांव घेऊन विचारावें, तर बंद असलेला चालू व्हावा आणि चालू असलेला बंद. कोष्टकाच्या शीर्षकाचें तर ह्याहून वाईट: नुसतें नांव घेतलें तर असलेलें शीर्षकच पुसलें जाई. घरांत दिवा आहे कीं नाहीं हें पाहावयास खटका दाबावा आणि असलेला दिवा विझावा, तसेंच हें. कार्यक्रम बदल झाल्याचें कळवी खरें, आणि पुन्हां तीच आज्ञा देऊन दिवा परत लावतां येई. पण शीर्षक एकदां पुसलें म्हणजे तें आठवून पुन्हां टंकावें लागे. आणि सर्वच नियमांची यादी एकदम हवी म्हणून कोणी नुसतेंच 'पीसेट' लिहिलें, तर कांहीं तरी राहिलें आहे अशी तक्रार पुढें येई.

चौदा वर्षांहून अधिक काळ हें असेंच चाललें. जाणकारांना त्याची अडचण फारशी वाटली नाहीं. कारण ज्यानें स्वतः नियम ठरविले त्याला ते पाठ असतात. अडचण होती ती मागून आलेल्याची, आणि सोयी बहुधा मागून आलेल्यांस विचारून होत नाहींत. २०१४ सालच्या डिसेंबरांत पोस्टग्रेसक्यूएलची ९.४ ही आवृत्ति प्रसिद्ध झाली, तींत अनेक मोठ्या सुधारणांच्या गर्दींत हीहि एक लहानशी सुधारणा होती: ह्यापुढें नुसतें 'पीसेट' लिहिलें तर तक्रार न करतां सर्व नियम व त्यांच्या चालू किंमती ओळीनें दाखवाव्या. विचारलें म्हणून कांहींहि उलटणार नाहीं. योगायोग असा कीं, त्याच २०१४ सालचा ट्युरिंग पुरस्कार स्टोनब्रेकर ह्यांना मिळाला. अर्थात्‌ तो ह्या आज्ञेकरितां नव्हे.

ती यादी एकदां पाहण्यासारखी आहे. कांठ १, मथळे दडपणें बंद, शेवटचा शेरा चालू, मांडणी सरळ रांगेची, पानें पाडणारा साहाय्यक १, म्हणजे उत्तर पडद्याबाहेर जात असेल तरच त्यास बोलवावयाचें. आणि नलाच्या ओळींत? तेथें दोन लहान अवतरणचिन्हें, आणि त्यांच्या मध्यें कांहीं नाहीं. ज्या शून्याचा घोटाळा पडद्यावर होतो, तें शून्य ह्या एकाच ठिकाणीं चिन्हांच्या कुंपणांत बसून दिसूं लागतें. एसक्यूएल प्लसच्या यादींतहि तें असेंच दिसतें. एसक्यूलाइट हा चिमुकला डेटाबेस २००० सालचाच. त्याच्या क्लायंटलाहि 'शो' ह्या शब्दाआधीं टिंब देऊन विचारलें कीं मथळे, मांडणी आणि नलाची खूण सारें सांगतो. ही आज्ञा तेथें विशेष उपयोगी पडत आली, कारण त्याच्या जुन्या मूळ स्थितींत मथळेच छापले जात नसत; नुसत्या किंमती उभ्या रेघेनें तोडलेल्या येत, आणि कोणता रकाना कोणाचा हें आपण ओळखावयाचें.

येथें कोणी म्हणेल, मूळ नियम एकदां पाठ केले कीं पुरे, यादी वारंवार कशाला पाहावयाची? पण मूळ नियम प्रत्येक वेळीं जसेच्या तसे असतील ही खात्री नसते. पीएसक्यूएल सुरू होतांना आपल्या मालकाच्या घरांतली एक लहानशी फाइल निमूटपणें वाचतो, आणि साऱ्या यंत्रासाठीं ठेविलेली दुसरीहि एक असल्यास तीहि वाचतो. एसक्यूएल प्लसच्याहि अशाच दोन फाइली असतात. त्यांत लिहिलेले नियम कार्यक्रम उघडतांच लागूं होतात. पूर्वीं त्या खुर्चीवर बसणाऱ्यानें आपल्या सोयीसाठीं शेवटचे शेरे बंद करून ठेविले असतील, किंवा नलाच्या जागीं आडवी रेघ ठरविली असेल. नवा मनुष्य त्या रेघेचा अर्थ 'लागू नाहीं' असा घेईल, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? बदली होऊन आलेल्या कारकुनानें आधींच्याची वही उघडावी आणि त्यांतल्या खुणांची फोड वहींत कोठेंच नसावी, तशांतलीच ही गत. येथें निदान फोड मागण्याची सोय आहे.

तरीहि ती यादी सर्वज्ञ नव्हे. क्लायंटचे नियम तेवढे तिच्यांत येतात. कालमानाचें पाहा. पोस्टग्रेसमध्यें स्थलकालासह नोंदविलेला क्षण आंत जागतिक प्रमाणवेळेनें ठेवितात, आणि दाखवितांना चालू सत्राच्या प्रदेशाप्रमाणें फिरवून दाखवितात. प्रमाणवेळेनें रात्रीं आठ वाजतां घडलेली घटना भारतीय वेळेच्या सत्रांत दुसऱ्या दिवशींच्या पहांटे दीड वाजतांची म्हणून दिसेल. म्हणजे घड्याळच काय, तारीखहि बदलली. हा नियम सर्व्हरच्या पदरीं आहे. तो विचारावयाचा तर 'शो' ही वेगळीच आज्ञा सर्व्हरला करावी लागते. 'पीसेट'ची यादी त्याविषयीं मौन पाळते. अक्षरांच्या सांकेतिक पद्धतीचें विचारणें तिसरीकडेच. मराठी मजकुराला ही पद्धति विशेष जपावी लागते. क्लायंटची पद्धति देवनागरीला न मानणारी असली तर ओरॅकलकडून अक्षरांच्या जागीं प्रश्नचिन्हें येतात, आणि तींच प्रश्नचिन्हें कोणी जपून परत नोंदविलीं म्हणजे मूळ नांव कायमचें गेलें. पोस्टग्रेस अशा वेळीं सरळ नकार देतो. मला त्याचा हा फटकळपणा आवडतो.

आणि पद्धति बरोबर असली तरी आपल्या लिपीची एक अडचण उरतेच. ह्या कार्यक्रमांची सारी मांडणी, त्या जुन्या पत्त्यापासून, एका अक्षराला एक घर ह्या हिशेबावर उभी आहे. 'क्षीरसागर' हें आडनांव घ्या. पहिलें जोडाक्षर यंत्राच्या हिशेबीं 'क', पायमोडका आणि 'ष' ह्या तीन चिन्हांचें. पीएसक्यूएल आपल्याजवळच्या तक्त्यावरून पायमोडक्याला शून्य घर आणि बाकीच्या दोघांना एकेक घर धरतो, आणि तेवढी जागा सोडून पुढची उभी रेघ आंखतो. पडद्याचा टंक मात्र त्यांचा एकच 'क्ष' करून कधीं एका घरांत, कधीं दीड घरांत बसवितो. म्हणून इंग्रजी नांवांच्या कोष्टकांत ओळंब्यानें उभी असलेली रेघ मराठी नांवांच्या कोष्टकांत ओळीओळीला सरकलेली दिसते. 'पीसेट'च्या यादींत ह्याविषयीं एकहि ओळ नाहीं.